सासूबाईंचा प्रश्न क्रमांक तीन

अमेरिकेच्या राज्यघटनेशी माझं वैयक्तिक भांडण काहीच नव्हतं. तिच्या छत्राखाली मी चौतीस वर्षं शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये सुखाने नांदलो. दर निवडणुकीला मत दिलं, ज्यूरीचं बोलावणं आलं तेव्हा पाठीत उसण भरल्याचं न सांगता गेलो, आणि माझ्या स्वतःच्या नागरिकत्वाच्या मुलाखतीत पहिली सहाही उत्तरं बरोबर दिल्यामुळे सातवा प्रश्न विचारायची वेळच आली नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या ज्ञानाबद्दल आमच्या घरात नको ते बोललं गेलं.

सगळं सुरू झालं ते मिरजेहून आलेल्या एका फोनवरून.

माझ्या सासूबाई, प्रतिमाताई, आमच्याकडे सोळा वर्षं राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. मिरजेला एका मोठ्या हॉस्पिटलात त्या मेट्रन होत्या, आणि निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी त्या खोलीत आल्या की मी सोफ्यावरचे पाय खाली घेतो. त्यांची थोरली बहीण मिरजेला एकटी असते. तिला सगळे आक्का म्हणतात. तर आक्कांनी फोनवर सांगितलं, "प्रतिमा, वर्षभर माझ्याजवळ येऊन राहा."

वर्षभर हीच अडचण होती. सासूबाईंकडे ग्रीन कार्ड. ग्रीन कार्डवाल्या माणसाने इतके दिवस देशाबाहेर काढले तर परत येताना विमानतळावर उलटतपासणी होते आणि कार्डावर पाणीही सोडावं लागू शकतं. माझी बायको हिमानी म्हणाली, "आई, मग पाच महिने राहून ये की." हे आक्कांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांचं उत्तर आलं, "पाच महिने राहते ती पाहुणी. मला पाहुणी नको, बहीण हवी. आणि पुढच्या वर्षी ये असं म्हणायचं माझं वय राहिलेलं नाही."

आक्का ब्याऐंशीच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "रवींद्रराव, मला इथलं नागरिक व्हायचंय. म्हणजे मिरजेला निवांत राहता येईल."

मिरजेत राहण्यासाठी अमेरिकन व्हायचं, हा तर्क ऐकायला उलटा वाटतो, पण आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या निम्म्या आईवडिलांनी नागरिकत्व याच कारणासाठी घेतलेलं आहे. अर्ज मी भरायचा ठरवला. मी निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर आहे, मला फॉर्म आवडतात.

अर्ज भरतोय म्हटल्यावर शेजारचे दिगंबरकाका आलेच. हे भूल देणारे डॉक्टर. पंचेचाळीस वर्षं लोकांना झोपवण्यात घालवल्यामुळे आता ते कोणालाच स्वस्थ बसू देत नाहीत. म्हणाले, "अहो, री-एंट्री परमिट काढा! परत यायची आधीच परवानगी. काम सोपं."

"कुठे परत यायची?" सासूबाईंनी विचारलं.

"इथे. या घरी."

"माझ्या घरी यायला मी परवानगी मागू?" सासूबाईंनी काकांकडे असं काही पाहिलं की काकांनी हातातलं बिस्किट परत बशीत ठेवलं. मग त्यांनी दुसरा सल्ला दिला. पासष्टच्या पुढे वय आणि वीस वर्षं ग्रीन कार्ड असेल तर फक्त वीस प्रश्नांचा अभ्यास पुरतो. सासूबाईंची झाली होती सोळा. "चारच वर्षं थांबा की," काका म्हणाले. आक्कांचं वय त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्यांना मी माफ केलं.

तेव्हा अभ्यास सगळ्या एकशे अठ्ठावीस प्रश्नांचा. एक सवलत मात्र होती. वयामुळे परीक्षा मराठीत देता येणार होती, दुभाषा घेऊन.

दरम्यान बोटांचे ठसे. मशीनला सासूबाईंचे ठसेच दिसेनात. चाळीस वर्षं दिवसातून पन्नास वेळा डेटॉलने हात धुतल्यावर बोटांवर ठसे उरतील कसे? पुन्हा बोलावलं, पुन्हा दिसले नाहीत. मग पोलिसांकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणायला सांगितलं. तो दाखला देणाऱ्या तरुण पोलिसाला सासूबाईंनी बूट पुसायला सांगितलं आणि त्याने ते पुसले. मग जन्मतारीख. ती एक जून. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राला शाळेत घालताना मास्तरांनी एक जूनलाच जन्माला घातलेलं आहे. खरी तारीख सांगावी का, यावर आमच्याकडे तीन संध्याकाळी चर्चा झाली आणि शेवटी मास्तरांचा मान राखायचं ठरलं.

एकशे सत्तावीस प्रश्न सासूबाईंनी पाच आठवड्यांत पाठ केले. भाजी निवडताना, ग्रंथालयापर्यंत चालताना, पूजेला बसल्यावर. आणि प्रश्न क्रमांक तीनवर गाडी अडली. राज्यघटना काय करते, त्यातली एक गोष्ट सांगा.

"उत्तर सोपं आहे, आई," मी म्हणालो. "म्हणायचं, सरकार स्थापन करते."

"कागद सरकार कसं स्थापन करेल? तो लिहायला माणसं बसली होती ना? मग त्यांना कोणी बसवलं?"

"ते आपण बघायचं नाही. पाठ करायचं."

"समजलं नाही ते मी बोलत नाही," सासूबाई म्हणाल्या. "न वाचता कधी सही केली नाही, आणि कशासाठी आहे ते कळल्याशिवाय पेशंटला गोळी दिली नाही."

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या लग्नाला तेहतीस वर्षं झाली. या तेहतीस वर्षांत सासूबाई मला एकदाही उलटून बोललेल्या नाहीत. जावयाचा मान म्हणजे मान. पहिलं ताट माझं, आमरसाची पहिली वाटी माझी, आणि घरातल्या कुठल्याही बाबतीत मत विचारलं की त्यांचं उत्तर एकच, "तुम्हाला योग्य वाटेल ते." इतक्या वर्षांत माझं त्यांना सगळंच योग्य वाटत आलंय, अशी माझी स्वाभाविक समजूत झाली होती. त्यामुळे ही गोळी-पेशंटची भाषा मला थोडी लागली, नाही असं नाही.

"दहा मिनिटांत समजावतो," मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून हिमानी हसली. माझ्या दहा मिनिटांना आमच्या घरात हसायची पद्धत आहे.

"समजा, हे घर म्हणजे देश," मी सुरुवात केली. "मी राष्ट्राध्यक्ष."

"निवडणूक कधी झाली?" हिमानीने आतून विचारलं.

"उदाहरण आहे, हिमानी!"

सासूबाईंनी मात्र ते उदाहरण फारच मनावर घेतलं. मराठी मंडळाच्या जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्या चष्मा लावून बसल्या आणि आपल्या ठसठशीत अक्षरात लिहायला लागल्या. कलम एक, कायदे करणार हिमानी आणि त्या स्वतः. कलम दोन, अंमलबजावणी मी. कंसात लिहिलं: बर्फ काढणे, कचरा, गाड्या. राष्ट्राध्यक्षाची सगळीच कामं घराबाहेरची आहेत हे माझ्या लक्षात आलं, पण शिकवण्याच्या भरात मी सोडून दिलं. कलम तीन, न्यायालय, म्हणजे आमची मुलगी अनिका. ती अल्फारेटाला एका कंपनीत वकील आहे.

मग त्यांनी पेन थांबवलं. "आणि तुम्ही काय करायचं नाही, ते कुठल्या कलमात घालू?"

"त्याची काय गरज आहे, आई? मी काही वावगं करतो का?"

"तसं नाही हो. वॉर्डात नवीन डॉक्टर आला की मी पहिल्या दिवशी सांगायची, साहेब, काय करायचं ते तुम्हाला येतंच. काय करायचं नाही ते भिंतीवर लावलंय." एवढं बोलून त्यांनी चौथं कलम कोरं ठेवलं आणि पान फ्रिजवर लावून टाकलं. प्रश्न तीनचं उत्तर आलं का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "अजून नीट बसत नाही. बघू."

माझ्या दृष्टीने शिकवणी इथे संपली होती. घरातल्या विधिमंडळाच्या दृष्टीने ती आता सुरू होत होती.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला हिमानीने पहिलं विधेयक मांडलं. हिवाळ्यात घराचं तापमान बहात्तर अंश फॅरनहाइट, म्हणजे भारतातले बावीस, ठेवावं. आता आमच्याकडे ते सहासष्ट असतं. का असतं, याची शास्त्रशुद्ध कारणं आहेत आणि ती मी कोणालाही सांगू शकतो, पण हल्ली कोणी विचारत नाही. थर्मोस्टॅटला मी चार आकडी कुलूप घातलेलं आहे आणि तो आकडा फक्त मला माहीत असतो. हुकूमशाही म्हणून नव्हे. यंत्राला वारंवार हात लागला की ते बिघडतं.

मी विधेयकावर नकाराधिकार वापरला. हिमानी म्हणाली, "चालेल. दोन तृतीयांश मतांनी तुझा नकार फिरवता येतो. सभासद दोन. आई, हात वर कर."

मी सासूबाईंकडे पाहिलं. हिमानीनेही पाहिलं. सासूबाईंनी पोह्यांवरची कोथिंबीर बाजूला केली आणि म्हणाल्या, "माझं काही म्हणणं नाही. रवींद्ररावांना योग्य वाटेल ते."

विधेयक पडलं. तेहतीस वर्षांच्या मानाचं चीज झालं असं मला वाटलं, आणि मी दुसऱ्यांदा पोहे घेतले.

हिमानी न्यायालयात गेली. अनिकाने फोन स्पीकरवर ठेवून चाळीस मिनिटं सुनावणी घेतली. "डॅड, यू हॅव अ सीक्रेट पिन ऑन द हीट? दॅट्स इन्सेन."

"हा सुरक्षेचा प्रश्न आहे."

"फ्रॉम हूम? आजी?"

निकाल असा लागला की कुलपाचा आकडा विधिमंडळाला कळवावा, पण तापमान किती ते विधिमंडळानेच मतदानाने ठरवावं. मी आकडा सांगितला. हिमानीने तासाभरात बहात्तर केलं. मतदान न होता केलेला बदल घटनाबाह्य असल्यामुळे मी दुपारी सहासष्ट केलं. संध्याकाळी बहात्तर. जेवणानंतर सहासष्ट. पुन्हा मतदान झालं, सासूबाई पुन्हा तटस्थ. एकास शून्य, म्हणजे दोनांपैकी एक, म्हणजे दोन तृतीयांश नव्हे. मी हे कागदावर मांडून दाखवलं.

त्यानंतर माझा सकाळचा चहा बंद झाला. विचारलं तर हिमानी शांतपणे म्हणाली, "कार्यकारी विभागाच्या कामात विधिमंडळ ढवळाढवळ करत नाही. सत्तेची विभागणी." नऊ दिवस मी माझा चहा स्वतः केला. आलं किसताना बोट कापलं. राष्ट्राध्यक्षपद भोगणाऱ्या माणसाने स्वयंपाकघरात बँडएड शोधत फिरावं, यात पदाची काय शोभा राहते?

दिगंबरकाका मध्यस्थीला आले. तासभर बसले, दोन्ही बाजू ऐकल्या आणि सहासष्ट अगदी आरामदायक आहे असा निर्वाळा दिला. फक्त त्यांनी अंगातला कोट काढला नाही. हिमानीने ते मला नंतर दोनदा सांगितलं.

एवढ्यात मुलाखतीचं पत्र आलं. फेब्रुवारीतला मंगळवार, सकाळी साडेनऊ. सासूबाईंनी आक्कांना फोन करून सांगितलं, "पास झाले तर उन्हाळा संपायच्या आत येते." आक्का म्हणाल्या, "कैऱ्यांच्या आधी ये. लोणचं घालायला मला आता बसवत नाही." फोन ठेवल्यावर सासूबाई बराच वेळ खिडकीशी उभ्या होत्या. बाहेर नुसतं बर्फ होतं.

दुभाषा कोण, यावर घरात मतदान झालं आणि या एकाच विषयावर सासूबाई तटस्थ राहिल्या नाहीत. सर्वांनी मिळून मला बाद केलं. शक्यतो नातेवाईक नको असा सरकारी दंडक होताच, पण घरच्यांनी दिलेलं कारण वेगळंच होतं. सरावाच्या वेळी मी दुभाषा झालो होतो. हिमानीने विचारलं, राष्ट्राध्यक्ष किती वर्षांसाठी निवडतात? सासूबाई म्हणाल्या, "चार." त्याचं मी इंग्रजीत भाषांतर केलं ते हिमानीच्या घड्याळाप्रमाणे साडेतीन मिनिटं चाललं. अनिका व्हिडिओवरून बघत होती. "डॅड, शी सेड वन वर्ड," ती म्हणाली. पण एका शब्दात माणसाला काय कळतं? संदर्भ नको?

म्हणून सिद्धेशला ठरवलं. मंडळातला मुलगा, नागपूरचा, दोन्ही भाषा स्वच्छ, आणि मुख्य म्हणजे मितभाषी. मी फक्त गाडी चालवायची.

मंगळवारी शिकागोत उणे बारा होतं. सासूबाई नऊवारी नेसून, वर दोन स्वेटर, शाल आणि कोट घालून तयार होत्या. सिद्धेश वेळेवर आला. आत पाठवायच्या खिडकीवर त्याने ओळखपत्र म्हणून ड्रायव्हिंग लायसन्स काढलं आणि तिथल्या बाईंनी ते दोनदा उलटसुलट केलं. त्याची मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती. पासपोर्ट घरी, घर पन्नास मैलांवर. सिद्धेशचा चेहरा पडला. "काका, सॉरी यार, बर्थडेला एक्स्पायर झालं, लक्षातच नाही आलं."

पंधरा मिनिटांनी मुलाखत घेणाऱ्या अधिकारीबाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेले, हसू जपून वापरणाऱ्या. त्यांनी दोन पर्याय सांगितले. मुलाखत पुढे ढकलायची, नवीन तारीख बहुधा उन्हाळ्यानंतरची. किंवा त्यांच्या अधिकारात त्या नातेवाइकाला दुभाषा म्हणून चालवून घेतील, पण कडक अटींवर.

मी सासूबाईंना हे सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कैऱ्या आणि माझी जीभ, दोन्ही त्या मनात तोलत असाव्यात. मग म्हणाल्या, "रवींद्रराव, जेवढं मी बोलेन तेवढंच. आक्काची शपथ आहे तुम्हाला."

आत गेल्यावर सरकारनेही शपथ दिली. उजवा हात वर करून मी कबूल केलं की सासूबाई बोलतील तसंच सांगेन, गाळणार नाही, भर घालणार नाही. आणि त्या 'मी' म्हणाल्या की मीही 'मी'च म्हणायचं, असं अधिकारीबाईंनी बजावलं.

सुरुवात छान झाली. मग सेनेटर किती असं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "शंभर." मी म्हणालो, वन हंड्रेड, दॅट इज टू फ्रॉम ईच स्टेट, अँड इन्टरेस्टिंगली... अधिकारीबाईंनी पेन खाली ठेवलं. "सर, डिड शी से इन्टरेस्टिंगली?" नाही, मी कबूल केलं. दोन प्रश्नांनंतर चार जुलैला काय साजरं करतात यावर सासूबाई म्हणाल्या, "स्वातंत्र्य," आणि माझ्या तोंडून सह्या प्रत्यक्षात कधी झाल्या ते निघून गेलं. खरं सांगतो, माझा इरादा नव्हता. तोंडाला सवय असते. त्यांनी चष्मा काढला. "सर, दिस इज युअर सेकंड वॉर्निंग." आणखी एक शब्द स्वतःचा घातला तर मुलाखत थांबवून नवीन तारीख देणार, असं त्यांनी बजावलं.

माझ्या कपाळावर घाम आला. त्या खोलीत कितीवर ठेवलं होतं कोण जाणे, पण घाम आला. पुढे मी तारेतले शब्द मोजावेत तसं बोललो. येस. नो. द सेनेट. अकरा उत्तरं बरोबर झाली. बारा झाली की पास, आणि बाराव्या प्रश्नासाठी त्यांनी यादीवर बोट फिरवलं आणि विचारलं, "नेम वन थिंग द यू. एस. कॉन्स्टिट्यूशन डझ."

मी डोळे मिटले. मराठीत प्रश्न सांगितला. मनात म्हणत होतो, आई, सरकार स्थापन करते म्हणा आणि मोकळ्या व्हा.

"राज्य करणाऱ्याचा हात कुठपर्यंत पोचेल, ते ती लिहून ठेवते," सासूबाई म्हणाल्या. मी सांगितलं. अधिकारीबाई काहीतरी लिहायला वळल्या, पण सासूबाई थांबल्या नव्हत्या. वॉर्डात राउंडच्या वेळी बोलत असतील तशा त्या सावकाश, एकेक वाक्य सोडत बोलत होत्या. आणि मला एकेक वाक्य उचलावं लागत होतं.

"माझ्या मुलीच्या घरी हीटरचं बटण एका माणसाच्या हातात आहे. तो माझा जावई."

मी ते इंग्रजीत सांगितलं.

"माझी खोली गॅरेजच्या वर आहे. घरात सहासष्ट असतं तेव्हा माझ्या खोलीत एकसष्ट असतं. मी नर्स आहे. मी मोजलंय."

मला म्हणायचं होतं की गॅरेजच्या वरच्या खोलीचं इन्सुलेशन हा बिल्डरचा दोष आहे. ते वाक्य माझ्या दातांपर्यंत आलं. मी ते गिळलं.

"सोळा वर्षं मला थंडी वाजतेय," सासूबाई म्हणाल्या.

"आय हॅव बीन कोल्ड फॉर सिक्स्टीन इयर्स," मी म्हणालो. माझ्या तोंडाने. मी, मी म्हणत.

सोळा वर्षं हे बाईमाणूस माझ्यासमोर दोन स्वेटर घालून जेवायला बसत होतं, आणि मला वाटत होतं, वय झालंय. मला खरोखर लाज वाटली. अधिकारीबाई आता लिहीत नव्हत्या.

"जावई वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट माणसाशी भांडता येतं. हा चांगला आहे. मला डॉक्टरकडे स्वतः नेतो, कधी आवाज चढवत नाही. मग मी काय बोलणार? दर नाताळाला मला एक स्वेटर आणून देतो. सोळा स्वेटर झाले."

मी सोळाही सांगितले. निवडताना दुकानात मी किती वेळ घालवतो, ते सांगितलं नाही.

"स्वेटर ही त्याची मेहेरबानी. बटण हा माझा हक्क. राज्यघटना असते ती चांगल्या माणसाच्या घरात राहता यावं म्हणून." सासूबाईंनी पदर सारखा केला. "झालं."

"दॅट इज ऑल," मी म्हणालो. त्यांच्या 'झालं'चंसुद्धा भाषांतर केलं.

अधिकारीबाईंनी माझ्याकडे न बघता सासूबाईंनाच विचारलं, "इज द सन-इन-लॉ दिस जेंटलमन?"

मला तो प्रश्न मराठीत विचारावा लागला. "तो जावई म्हणजे हेच गृहस्थ का?"

"हेच," सासूबाई म्हणाल्या. "फार चांगले आहेत."

"येस, दिस वन," मी म्हणालो. "ही इज अ व्हेरी गुड मॅन." माझ्या आयुष्यात मी इतकं ओशाळून काही बोललो नव्हतो, आणि शपथेवर असल्यामुळे ते कमी करून सांगायचीही सोय नव्हती.

अधिकारीबाईंनी जपून ठेवलेलं हसू तेव्हा पहिल्यांदा खर्च केलं. बारावं उत्तर बरोबर धरलं. मग पाच-सहा कोरडे प्रश्न, दोन सह्या, आणि अंगठ्याएवढा एक शिक्का. शपथविधी एप्रिलमध्ये. उठताना त्या मला म्हणाल्या, "व्हेरी अॅक्युरेट, सर." सिद्धेश बाहेर बाकावर डोकं धरून बसला होता. त्याला पास झाल्याचं सांगितलं तेव्हा तो वाकून सासूबाईंच्या पाया पडला.

पार्किंगच्या तळघरात आम्ही गाडीत बसलो. सासूबाई पुढच्या सीटवर. सिद्धेश ट्रेनने गेला होता. सासूबाईंनी आक्कांना फोन लावला, "झाले गं पास," एवढंच म्हणाल्या, आणि पलीकडून आक्का रडतायत की हसतायत ते मला कळलं नाही. फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा माझ्या नेहमीच्या सासूबाई झाल्या.

"रवींद्रराव, राग नाही ना आला?"

"नाही, आई. पण सोळा वर्षांत मला एकदा तरी सांगायचं होतं."

"तुम्ही कधी विचारलंच नाहीत," त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या. "त्या बाईंनी विचारलं."

मला पुष्कळ बोलता आलं असतं. संदर्भ होते, कारणं होती, इन्सुलेशन होतं. मग मी गाडी सुरू केली, हीटरच्या बटणावर हात ठेवला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना विचारलं, "आई, किती ठेवू?"

मी नेहमीच्या उत्तराची वाट बघत होतो. ते आलं नाही. सासूबाईंनी शाल सोडली, कोटाची वरची दोन बटणं काढली आणि हिमानीने तिच्या सबंध चळवळीत कधी उच्चारला नव्हता असा आकडा सांगितला.

"चौऱ्याहत्तर."